टॉल, टॉलर, टॉलेस्ट

यंदा गुरुजींनी आम्हाला इंग्रजीत तुलना कशी करतात ते शिकवलं. मराठीत 'उंच' हा शब्द बदलत नाही. आपण 'त्याच्यापेक्षा उंच', 'सर्वांत उंच' असं म्हणतो. इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं. दोघांची तुलना असली तर टॉलर, सगळ्यांत उंच असला तर टॉलेस्ट. शब्द लांबलचक असला तर शेपूट नसतं, आधी मोअर किंवा मोस्ट येतं. जसं मोअर ब्यूटिफुल. गुडचं मात्र बेटर, बेस्ट होतं. ते पाठच करावं लागतं.

मी 'मोअर टॉलर' म्हणालो. गुरुजी म्हणाले, "अरे, एका पोत्याचं तोंड दोनदा शिवतात का?" सगळे हसले, मी पण हसलो.

गुरुजींनी एक गंमत सांगितली. संस्कृतातून आलेल्या ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'ष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे दूरचे भाऊबंद आहेत.

मग आम्ही उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो. मी सगळ्यांत शेवटी. सुट्टीत पोरं मला 'शॉर्टेस्ट, शॉर्टेस्ट' म्हणून चिडवू लागली. मला लई वाईट वाटलं. घरी जाऊन रडलो. आज्जी म्हणाली, "आरं, कशाला रडतुयास? चौकटीपाशी उभा ऱ्हा बघू."

दर पोळ्याला बाबा बैलांची शिंगं रंगवतात. उरलेल्या रंगानं ते चौकटीवर माझ्या उंचीची खूण करतात. मी उभा राहिलो, तर मागच्या खुणेपेक्षा चार बोटं वर गेलो होतो!

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शिखरं सांगितली. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. ती महाराष्ट्रात हायेस्ट. पण एव्हरेस्ट ८८४९ मीटर आहे. तिथं कळसूबाई हायेस्ट नाही. म्हणजे कुणाकुणात तुलना आहे ते आधी बघावं लागतं. मी वर्गात शॉर्टेस्ट आहे, पण घरी धाकट्या बहिणीपेक्षा टॉलर आहे.

गुरुजींनी एकेक वाक्य करायला सांगितलं. मी फळ्यावर लिहिलं, 'आय अॅम टॉलर दॅन लास्ट इयर.' गुरुजींनी त्यापुढं बरोबरची खूण केली.

प्रार्थनेला मी अजून पहिलाच उभा राहतो. पण आता मला कुणी चिडवत नाही. मित्रांनो, तुम्ही पण घरी चौकटीवर खूण करून ठेवा.

— इयत्ता चौथी