उचल

आमच्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत ड्रायव्हरांना नावे नसत, गावे असत. वहीत पूर्ण नाव लिहिलेले असे. पण ‘हुक्केरी आला काय?’, ‘चंदगडला आज गोव्याची गाडी द्या’ असाच व्यवहार चाले. १९७९ पासून १९९६ पर्यंत, अशी सतरा वर्षे मी बेळगावात किल्ल्याजवळच्या एका कचेरीत दिवाणजी होतो. भाडी, बिल्ट्या, डिझेल, हमाली आणि ड्रायव्हरांची खाती हे सारे माझ्या हातून जाई. मालक मराठी, ड्रायव्हर निम्मेअधिक कानडी, आणि किन्नर ज्या गावचा ड्रायव्हर त्या गावचा. भाषेवरून तिथे कधी भांडण झालेले मला आठवत नाही. भांडणे व्हायची ती हिशेबावरून.

‘ड्रायव्हर पाहिजे’ अशी जाहिरात आम्ही सतरा वर्षांत एकदाही दिली नाही. गरजच पडली नाही. एखादा ड्रायव्हर गावाकडून येताना भाच्याला नाहीतर धाकट्या भावाला घेऊन येई. पोरगे चौदा-पंधरा वर्षांचे, अंगात शाळेचाच सदरा. ‘मालक, ह्याला गाडीवर ठेवून घ्या.’ झाली भरती! पगाराचे काही ठरलेले नसे. दोन वेळचे जेवण आणि उस्तादाच्या मनात येईल ते. पोरगे गाडी धुई, टायर ठोकून हवा पाही, ताडपत्रीचे दोर आवळी, घाटात गाडी थांबली की उडी टाकून चाकाखाली दगड लावी. रात्री केबिनमध्येच झोपे. तीन-चार वर्षांनी कधीतरी पहाटे दोनच्या सुमाराला, रस्ता सपाट आणि रिकामा पाहून, उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देई. लायसन पुढे एजंटामार्फत निघे. पण गाडी त्यांना खरोखरच येत असे, हे मान्य केले पाहिजे.

मालकांची स्वतःची एक परीक्षा होती. भरलेली गाडी घेऊन निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट चढून उतरायचा. मालक शेजारी डोळे मिटून बसत आणि नुसता गिअरचा आवाज ऐकत. खाली आल्यावर एकच प्रश्न विचारीत, ‘लग्न झालंय का?’ संसारी माणूस गाडी वाटेत सोडून पळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. लग्न झालेले नसेल तर त्यासाठी ते पैसे देत. झालेले असेल तर घराच्या पत्र्यांसाठी, बहिणीच्या बाळंतपणासाठी देत. ही उचल. नेमणुकीचा कागद आम्ही कोणालाच दिला नाही. उचलीच्या पावतीवर अंगठा उठला की माणूस आमचा झाला.

मग त्याचे खाते सुरू होई. जमेला पगार आणि खेपेचा भत्ता. नावे टाकायला मात्र पुष्कळ बाबी होत्या. डिझेल जास्त लागले, नावे. माल कमी भरला, नावे. टायर फुटला तर निम्मा नावे. मुंबईच्या जकात नाक्यावर रात्रभर उभी राहिलेली गाडी, वखारीत दोन दिवस खाली न झालेली गाडी, हे माझ्या वहीत कोठेच दिसत नसे. कारण भत्ता खेपेचा होता, दिवसाचा नव्हता. बहुतेकांची उचल वर्षाअखेरीस जवळजवळ तेवढीच राही. ती फिटू नये अशी कोणी योजना केली होती असे मी म्हणणार नाही. पण फिटली तर मालक अस्वस्थ होत, हे मी पाहिले आहे.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा तेव्हा लागू होता. दिवसाला आठ तास काम, लांबच्या मार्गावर परवानगीने फार तर दहा, आठवड्याची सुट्टी, असे सगळे त्यात होते. पण तो लागू होई पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आमच्याकडे अकरा गाड्या होत्या. त्यातल्या दोन मालकांच्या नावावर, दोन वहिनींच्या, बाकीच्या भाऊ, मेहुणा, सासरे अशा. प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाईल मीच केली होती. अक्षर माझे चांगले होते.

मालक दुष्ट नव्हते, हेही लिहिले पाहिजे. खानापूरच्या ड्रायव्हरला कावीळ झाली तेव्हा दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी केला आणि तो नावे टाकू दिला नाही. त्यांच्याही डोक्यावर फायनान्सचे हप्ते होते, व्यापारी भाडे तीन-तीन महिने थकवीत. वरून आलेला दाब ते खाली ढकलीत, आणि सगळ्यांत खाली केबिनमधला माणूस असे.

माझ्या टेबलाला एक खण होता. खेपेला निघताना गाडीचे कागद आणि ड्रायव्हरचे लायसन एकत्र द्यायचे आणि गाडी परत आली की दोन्ही जमा करून घ्यायचे, असा कचेरीचा नियम होता. ‘हरवू नये म्हणून,’ असे आम्ही सांगत असू. दुसऱ्या मालकाकडे जायचे तर लायसन हवे, आणि लायसन माझ्या खणात. किल्ली माझ्या जानव्याला.

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. हुक्केरी गुळाची गाडी घेऊन मुंबईला निघाला होता. निघण्यापूर्वी तो माझ्यापुढे येऊन म्हणाला, ‘दिवाणजी, ताडपत्री फाटलंय. दोन जागी.’ मी कच्च्या वहीत तारीख घालून तसे टिपून घेतले आणि मालकांना सांगितले. ते म्हणाले, ‘एवढी खेप होऊ दे.’ खंडाळ्याच्या घाटात पावसाने झोडपले. अठ्ठावीस ढेपा भिजल्या. व्यापाऱ्याने भाड्यातून तेवीसशे रुपये कापले. हुक्केरीचा पगार तेव्हा महिना साडेसहाशे होता.

मालकांनी मला रक्कम त्याच्या नावे टाकायला सांगितली. हुक्केरी समोर उभा होता. आवाज न चढवता तो म्हणाला, ‘मी सांगितलो होतो की. दिवाणजी लिहून घेतले होते. बघा वही.’

मालकांनी माझ्याकडे पाहिले. ‘आहे का हो काही वहीत?’

कच्ची वही माझ्या कोपराखालीच होती. घरी दोन मुलांच्या शाळेची फी भरायची होती, आणि माझी स्वतःचीही उचल चालू होती. ह्या सबबी मी पुढे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितल्या. त्या क्षणी मात्र त्यांतली एकही मनात आली नाही. नुसते तोंडातून निघून गेले, ‘नाही, काही दिसत नाही.’

हुक्केरी काही बोलला नाही. आणखी दोन खेपा केल्या आणि एके दिवशी गाडी धुऊन, किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला. लायसन मागितले नाही. संकेश्वरच्या एका मालकाकडे लागल्याचे आणि ‘हरवले’ म्हणून दुसरे लायसन काढल्याचे पुढे कानावर आले. त्याचा किन्नर, सख्खा पुतण्या, महिनाभरात गेला. मग त्या गावचे नवीन पोरगे आमच्याकडे कधी आलेच नाही. तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आले नाही. दुसरी गावे होती ना!

१९९६ साली मी नोकरी सोडली तेव्हा खण रिकामा करताना ते लायसन सापडले. पुस्तिकेतला फोटो ओल येऊन फुगला होता. ते आणि ती कच्ची वही मी घरी आणली.

दोन-तीन वर्षांनी संकेश्वरच्या बसस्टँडवर तो भेटला. केस पांढरे झाले होते, एक डोळा मोतीबिंदूने धूसर. मला पाहून आपणहून पुढे आला आणि म्हणाला, ‘ऊटा आतेनरी, दिवाणजी?’ जेवण झाले का! मी त्याला चहा पाजला. लायसन माझ्याकडे असल्याचे सांगितले, तर हसून म्हणाला, ‘त्याची मुदत गेली असेल आता.’ वहीचे सांगायला तोंड उघडले आणि विचारले भलतेच, मुलगा काय करतो. ‘आय.टी.आय. केलाय. फिटर.’ मग थोडे थांबून, ‘गाडीवर नाही सोडलो त्याला.’ बस लागली आणि तो गेला. वहीचे राहिलेच.

आता माझा पुतण्या ट्रान्सपोर्ट चालवतो. सहा गाड्या आहेत, त्यांतल्या दोन गेले चार महिने ऑटोनगरात उभ्या आहेत. हप्ता चालू, ड्रायव्हर नाही. ट्रान्सपोर्ट लायसनसाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली काढून टाकली. तरी माणूस मिळत नाही. २०२५ साली नव्याने बनणाऱ्या मालट्रकना ए.सी. केबिन सक्तीची झाली. पुतण्या म्हणतो, आता आणखी काय पाहिजे ह्यांना? गाडीला जी.पी.एस. आहे, गाडी कुठे पंधरा मिनिटे जास्त उभी राहिली की तो बेळगावातून फोन करतो. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाण्याच्या नव्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा तो फार चिडला होता. सरकारने ते कलम तूर्त बाजूला ठेवले. मी म्हटले, ‘अरे, पळतो तो जमावाला भिऊन पळतो.’ त्याला ते पटले नाही.

परवा विचारत होता, ‘काका, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का हुक्केरीकडे? उचल पाहिजे तेवढी देतो. पन्नास हजार देतो.’

मी त्याला विचारले, उचल दिल्यावर लायसन कोणाकडे राहते?

‘माझ्याकडेच,’ तो म्हणाला. ‘नाहीतर पळतील ना!’

मी उठून कपाटातली कच्ची वही काढली आणि ते पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने वाचले. दिनांक, गाडीचा नंबर, ‘ताडपत्री दोन ठिकाणी फाटली आहे, ड्रायव्हर तक्रार.’ त्याला त्यातून काही कळले नाही, म्हणून मग मी सगळे पहिल्यापासून सांगितले. घरात हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

पुतण्या बराच वेळ वही चाळत बसला. मग म्हणाला, ‘अक्षर छान होतं हो तुमचं.’