कोंकणचा सागरी मार्ग: प्रवास आणि विहार

प्रवास म्हणजे घर सोडून राहणें. विहार म्हणजे आनंदासाठीं हिंडणें. कोंकणच्या सागरी मार्गानें पहिला शब्द टाकून दुसरा स्वीकारला आहे.

पूर्वी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत पणजीस जाई. अनेक ठिकाणीं ती खोल पाण्यांत उभी राही व उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत. डेकवर वळकटी पसरावी, फराळाचा डबा सोडावा, शेजाऱ्याचें गांव विचारावें, एवढाच काय तो थाट! पावसाळ्यांत ही वाहतूक बंद असे. समुद्राचा धाकही खराच. 17 जुलै 1947 रोजीं रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

पुढें रस्ते सुधारले, आगबोट बंद पडली, आणि 1998 सालीं कोंकण रेल्वेचा सर्व मार्ग खुला झाला. त्यानंतर समुद्रावर आला तो विहारच. 2018 सालीं 'आंग्रिया' नौका मुंबई-गोवें अशी निघाली. पुढें तीही थांबली. 2021 पासून मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर तर जलतरणतलाव आणि नाट्यगृहही आहे. या सुखसोयी आम्हांस अमान्य नाहींत. पडावांत उतरतांना वृद्धांचे होणारे हाल आम्हीं पाहिले आहेत. परंतु मुंबई सोडलेलें हें जहाज एकदम गोव्यास लागतें. मधलीं बंदरें अंधारांत मागें पडतात.

म्हणून अशा विहारास सहकुटुंब निघणाऱ्यांनीं मुलांस त्या बंदरांचीं नांवें अनुक्रमानें सांगावीं. दूरचा दिवा कोणत्या गांवचा, हें ठाऊक असलें म्हणजे विहारांतही थोडा प्रवास घडतो.