गडचांदूरच्या बाजारातील चीज

राजुऱ्याहून कोरपन्याकडे निघाले की वाटेत गडचांदूर लागते. चुनखडीच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, मालमोटारींची वर्दळ आणि पलीकडे माणिकगडचे डोंगर ही या गावाची ओळख. कारखान्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे आली आणि त्यांच्या खाण्याच्या आवडीही सोबत आल्या. म्हणूनच तूरडाळ आणि जवसाच्या शेजारी, किराणा दुकानातील फ्रीजमध्ये, आता पनीर आणि चीजही दिसते. पुण्या-हैदराबादेहून सुट्टीला येणारी मुले आईवडिलांसाठी गौडा, फेटा असे प्रकारही आणतात.

वृद्धांच्या दृष्टीने हा पाहुणा उपकारक ठरू शकतो. दात गेलेले, भूक मंदावलेली, घास दोनच. अशा वेळी थोडक्यात प्रथिने आणि कॅल्शियम देणारा पदार्थ हवाच असतो. मात्र सगळे चीज सारखे नसते.

पनीर म्हणजे लिंबू किंवा आम्ल घालून फाडलेले दूध. गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागातील बंगाली वस्त्यांमधील छेना त्याचाच मऊ भाऊ. दोहोंत मीठ जवळजवळ नसते. चेडर व गौडा विरजण आणि रेनेट घालून बनवतात, मग मुरवतात. मुरताना दुधातील साखर कमी होते, त्यामुळे दूध न पचणाऱ्यांनाही ते अनेकदा सोसते. मोझरेलात मीठ सहसा बेताचे. फेटा मात्र खाऱ्या पाण्यातच ठेवतात.

सर्वांत सहज मिळते ते प्रोसेस्ड चीज. ते वितळवून एकजीव करताना सोडियमयुक्त क्षार घालतात. वीस ग्रॅमच्या एका चकतीत साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमची. म्हणजे दोन चकत्यांतच चौथा हिस्सा संपतो. रक्तदाबासाठी लोणचे-पापड सोडलेले आजोबा नाश्त्याला चीज खात असतील, तर पथ्य मागच्या दाराने मोडते.

म्हणून खरेदी करताना दोन वेष्टने शेजारी धरावीत आणि 100 ग्रॅममागील सोडियमचा आकडा ताडून पाहावा. घटकांच्या यादीत वनस्पती तेल आढळल्यास ते निव्वळ दुधाचे चीज नव्हे. मऊ चीज घेताना दूध पाश्चराइज्ड असल्याची खात्री करावी.

हृदयविकार, पायांवर सूज किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रोसेस्ड चीज टाळलेले बरे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पनीरचे प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवावे. क्षयरोगावर आयसोनियाझिड किंवा लिनेझोलिड घेणाऱ्यांनी मुरवलेले चीज खाऊ नये. त्यामुळे धडधड, डोकेदुखी, क्वचित रक्तदाबात मोठी वाढ होऊ शकते. गिळायला त्रास होत असेल तर वितळलेल्या चीजच्या तारा घशात अडकतात. त्याऐवजी पनीर कुस्करून मऊ वरणभातात कालवावे.

खाणे घटून वजन उतरलेल्या, पण यांपैकी कोणताही विकार नसलेल्या आजींना मात्र उपम्यावर थोडे किसलेले चीज जरूर द्यावे. त्या चवीने चार घास अधिक गेले, तर तेही औषधच.