डॅन्यूबवर रात्रपाळी

डॅन्यूबचे किलोमीटर उलटे मोजतात. शून्य उगमापाशी नाही, रोमानियात सुलिनाला, जिथे ती काळ्या समुद्राला मिळते तिथे. जर्मनीतल्या पासाउला आम्ही बोटीत चढलो तेव्हा काठावरच्या पाट्यांवर २,२००च्या पुढचे आकडे होते. बुडापेस्टला उतरलो तेव्हा साडेसोळाशेच्या आसपास. म्हणजे माहितीपत्रकात ‘शाही जलसफर’ म्हणून झळकणारी ही वाट जेमतेम पावणेसहाशे किलोमीटरची. आपली एसटी एका रात्रीत उरकेल. बोटीला मात्र आठवडा लागतो, आणि पैसे त्या सावकाशपणाचेच मोजायचे असतात.

पासाउला तीन नद्या भेटतात. डावीकडून येणारी इल्झ पीटच्या दलदलीमुळे काळपट, उजवीकडची इन आल्प्सचं पाणी घेऊन आलेली हिरवट-राखाडी आणि मध्ये डॅन्यूब. तिन्ही रंग बरंच अंतर एकमेकांना न विचारता शेजारी शेजारी वाहतात. वर्षाच्या सरासरीत इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं, तरी पुढे नाव चालतं ते डॅन्यूबचंच. नद्यांमध्येही घराणं बघतात म्हणायचं! नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरल्यात. २०१३ची खूण १२.८९ मीटरची. मान वर करून ती वाचली आणि समोरच्या शांत पाण्याकडे बघण्याची नजरच बदलली.

बोट आलिशान, यात वाद नाही. रोज संध्याकाळी उशीवर चॉकलेट, जेवणाला पाच-पाच पदार्थांची रांग, आणि माझी नणंद शाकाहारी आहे हे कळल्यावर स्वयंपाक्याने तिच्यासाठी वेगळं सूपही करून पाठवलं. आकार तेवढा विचित्र: लांबी १३५ मीटर, रुंदी साडेअकराच्याही आत. कारण माइन नदीवरच्या आणि १९९२ साली पुरा झालेल्या राइन-माइन-डॅन्यूब कालव्यावरच्या लॉकची, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या हौदांची, रुंदी बारा मीटर. अ‍ॅमस्टरडॅमपासून बुडापेस्टपर्यंत धावायचं तर बोटीला तेवढ्यातच मावावं लागतं.

एजंटाने आग्रह करकरून आम्हाला बाल्कनीवाली केबिन घ्यायला लावली होती. नदीकाठच्या गावांत धक्के कमी आणि बोटी फार, त्यामुळे दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात, हे तो बोलला नाही. पहिल्याच सकाळी पडदा सारला तर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची बाल्कनी आणि तिच्यात आंघोळीच्या झग्यातले एक आजोबा कॉफी पीत बसलेले. नणंद म्हणाली, “वहिनी, बघा ना, हात करताहेत ते! आपणही करायचा का?” केला.

यातली दुसरी गोम अशी की या बोटी बऱ्याचदा रात्रीच चालतात. दिवसा शहर दाखवायचं, रात्री अंतर कापायचं. नदीसाठी आलेल्या माणसाने नदी बघायची कधी? मी मग रात्रपाळी धरली. शाल गुंडाळून वरच्या डेकवर जाऊन बसायचं.

त्यामुळेच लॉक जवळून बघता आले. ऑस्ट्रियातली बहुतेक डॅन्यूब वीजनिर्मितीच्या बंधाऱ्यांनी पायऱ्यापायऱ्यांची केलेली आहे, आणि प्रत्येक पायरीशी बोटीसाठी काँक्रीटचा हौद. हे हौद २४ मीटर रुंद, दोन बोटी शेजारी मावतील असे. पिवळ्या दिव्यांत आमची बोट आत सरकली, मागचं दार बंद झालं. एक पोरगेला खलाशी दोर हातात धरून उभा. आवाज नाही, धक्का नाही. फक्त शेजारची भिंत वर चढू लागली. आधी कोरडी, मग ओली, मग शेवाळाने हिरवी, तिच्यात लोखंडी शिडीच्या पायऱ्या आणि फटींतून गळणाऱ्या धारा. हात लांब केला असता तर भिंतीला लागला असता. पंप वगैरे काही नाही, पाणी आपल्या वजनानेच खालच्या अंगाला निघून जातं. थोड्याच वेळात आम्ही विहिरीच्या तळाशी, डोक्यावर आभाळाची एक पट्टी. पुढचं दार उघडलं आणि बोट निघाली. खाली केबिनमध्ये दीडशे माणसं गाढ झोपली होती.

वाखाउचं खोरं मात्र दिवसा दाखवतात. मेल्क ते क्रेम्स, ३६ किलोमीटर, आणि इथे बंधारा नाही, नदी मोकळी वाहते. मेल्कला बेनेडिक्टाइन साधूंचा मठ १०८९पासून आहे; आजची पिवळी बरोक इमारत अठराव्या शतकातली, याकोब प्रांडटाउअरने आखलेली. सोन्याचा मुलामा इतका की माझे डोळे दमले. त्यापेक्षा पुढचे डोंगर भावले. उतारांवर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली, त्यांवर द्राक्षवेली, खाली जर्दाळूच्या बागा. ड्युर्नश्टाइनच्या माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने ११९२च्या डिसेंबरात पकडून इथे ठेवलं. खंडणीतल्या आपल्या वाट्यातून त्याने वीनर नॉयश्टाट हे गाव वसवलं. गाव आजही आहे, किल्ला १६४५मध्ये स्वीडिश फौजेने उडवला.

व्हिएन्नाबद्दल मी थोडक्यातच लिहीन; तिथल्या राजवाड्यांवर मराठीत पुष्कळ छापून आलंय. बोट लागते ती शहराच्या मध्यापासून लांब, १८७०-७५ दरम्यान खणून सरळ केलेल्या पात्रात. बोटवाल्यांची महागडी बस सोडून आम्ही यू-वन मेट्रोने चार स्टेशनांत श्टेफान्सप्लाट्झला पोचलो.

शहराच्या पूर्वेला हाइनबुर्गचं जंगल लागतं. इथेही बंधारा व्हायचा होता. १९८४च्या डिसेंबरात हजारो लोक थंडीत झाडांखाली ठाण मांडून बसले आणि सरकारला काम थांबवावं लागलं. १९९६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. ब्रातिस्लाव्हाच्या खाली नेमकं उलट घडलं. गाबचिकोव्होला स्लोव्हाकियाच्या बाजूने नदी वळवून प्रकल्प पुरा झाला, हंगेरीने त्यातून माघार घेतली आणि १९९७मध्ये निकाल द्यायला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला बसावं लागलं. गाबचिकोव्होच्या लॉकमध्ये बोट जवळजवळ वीस मीटर उतरते. त्या रात्री नणंदही डेकवर आली, आणि भिंत संपेपर्यंत तिने अवाक्षर काढलं नाही.

बुडापेस्टला बोट अंधार पडल्यावर शिरते, मुद्दामच. संसदभवन, बुडाचा राजवाडा, साखळी पूल, सगळं दिव्यांत न्हालेलं. १९४५च्या जानेवारीपर्यंत माघार घेणाऱ्या जर्मनांनी इथला एकूण एक पूल उडवला होता. दिसतात ते पुन्हा बांधलेले. सकाळी संसदेजवळ काठावर गेलो. तिथे लोखंडी बुटांच्या साठ जोड्या मांडल्यात. १९४४-४५मध्ये अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या टोळ्या ज्यूंना इथे आणून जोडे काढायला लावत आणि गोळ्या घालून नदीत पाडत. एका लहान मुलाच्या बुटात कोणीतरी गोळ्या-चॉकलेटं ठेवली होती.

जायचं मनात असेल तर बाल्कनीचे पैसे वाचवा. सर्वांत खालची, छोट्या खिडकीची केबिन घ्या. झोपायला ती पुरते आणि वरचा डेक सगळ्यांचाच असतो. पैसे भरण्याआधी एजंटाला दोन प्रश्न विचारा: कोणता पट्टा दिवसा, आणि पाणी कमी पडलं तर काय? उन्हाळ्याच्या शेवटी नदी आटली तर बोट अडते आणि सफर बसने पुरी करतात. चारही देश शेंगेनमधले, तेव्हा एकच व्हिसा पुरतो. युरो हंगेरी सोडून सगळीकडे चालतो. तिथे फोरिंट लागतात.