मध्यंतरांत ठरलेलें लग्न

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली ती ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती. बातमी येतांच आमच्या घरचीं लहानथोर माणसें तशींच निघालीं. खासबागेच्या वाटेवर लोक मुकाट्यानें उभे होते. कित्येक नटांना रडूं आवरत नव्हतें. छप्पर गेलें, रंगमंच गेला. दर्शनी दगडी बाजू तेवढी राहिली.

घरीं परतलों तों काकू जाग्याच होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तुम्ही तेथें शेवटचें नाटक केव्हां पाहिलें?" कोणालाच सांगतां येईना. हल्लीं आमचें नाटक घरच्या पडद्यावर होतें!

काकूंचें तसें नव्हे. त्यांचें लग्न त्या नाट्यगृहांतच ठरलें. मुलगी उघड पाहावयास नको, म्हणून दोन्ही घरें एकाच खेळास गेलीं आणि मध्यंतरांत चहाच्या पेल्यांबरोबर होकारहि फिरला. नाटक कोणतें होतें, तें मात्र काकूंना आठवत नाहीं.

शाहू महाराज १९०२ सालीं युरोपास जाऊन आले. पुढें १९१३ त त्यांनीं काम सुरू करविलें व १९१५ त 'पॅलेस थिएटर' उभें राहिलें. पाठीशीं खासबागेचें कुस्त्यांचें मैदान. मल्ल आणि गवई यांना असें शेजारीं बसविणें त्या राजालाच सुचावें. प्रेक्षागारांत मध्यें एकहि खांब नव्हता. मागें बसणारासहि नट पुरता दिसे.

ज्यांचें नांव या वास्तूस पुढें मिळालें, ते केशवराव याच गांवचे. जन्म १८९०. वयाच्या अठराव्या वर्षीं त्यांनीं 'ललितकलादर्श' काढली. १९२१ च्या जुलैंत मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलें, आणि त्याच ऑक्टोबरांत ते वारले. राज्य नाट्यस्पर्धेसाठीं येथें रंग चढविणाऱ्या हौशी कारकुनांस व मास्तरांस हा इतिहास तोंडपाठ असे.

पुढच्या रविवारीं काकूंनीं नातवंडांस घेऊन तेथें रिक्षा थांबविली. आपण कोठें बसलों होतों व वरपक्ष कोठें, तें त्या बोटानें दाखवीत होत्या. मुलांना समोर काळवंडलेली भिंत दिसत होती.