पट्टी बंद करून

लालबागला आमच्या चाळीतली पोरं हल्ली बुद्धिबळाचे डाव मोबाइलवर थेट बघतात. पटापेक्षा त्यांचं लक्ष कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीकडेच जास्त. संगणकाच्या मते कोण वरचढ, ते ती सांगते. पट्टी घसरली की पोरं ओरडतात, "गेलं! घोडचूक!" चाल का चुकली, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला याचं वाईट वाटतं.

१९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५-२.५ असं हरवणारा डीप ब्लू संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. माणूस मोजक्याच चाली बघतो. पण नेमक्या त्याच का बघतो, हे मला अधिक थोर वाटतं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावला, तेव्हा दिसलं की उस्ताद इतरांपेक्षा फार खोल मोजत नाहीत. चांगली चाल त्यांच्या नजरेत आधी भरते.

ही जाण आमच्या गिरणगावाला परकी नाही. साचेखात्यातल्या मागांच्या खडखडाटातही आपल्या साच्याचा आवाज बदलला, की मुरलेल्या साचेवाल्याला कळायचं. दैवी देणगी नव्हती ती. पाळ्या करकरून कमावलेला कान होता.

आणि यंत्रही शेवटी याच वाटेने गेलं. २०१७ साली अल्फाझीरो या प्रोग्रॅमने १०० डावांत एकही न हरता स्टॉकफिश या दुसऱ्या बुद्धिबळ-प्रोग्रॅमला नमवलं. सामन्याच्या अटींवर वाद झाले, ते असोत. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती बघत होता, अल्फाझीरो फक्त ८० हजार. स्वतःशीच असंख्य डाव खेळून कुठे बघायचं, ते त्याला उमगलं होतं. मोजणी आणि जाण यांच्यात आपण उभी करतो तेवढी उंच भिंत नाहीच.

पण यंत्राला गमवायचं काही नसतं. २८ जुलै २०२५ला बातूमीत महिला विश्वचषकाच्या निर्णायक जलद डावात कोनेरू हंपीसमोर काळी मोहरी घेऊन बसलेली नागपूरची दिव्या देशमुख १९ वर्षांची होती. तोवर तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म नव्हता. घड्याळातला वेळ संपत चालला तशा दोघीही चुकल्या. दिव्या जिंकली आणि त्या विजयानेच थेट ग्रँडमास्टर झाली. पट्टी आम्हाला दिसत होती, त्यांना नाही. तो डाव मी पोरांना चुकांसकट पुन्हा दाखवतो, पट्टी बंद करून, आणि अडलेल्या प्रत्येक जागी थांबवून विचारतो: तू काय खेळशील, आणि का?