चौथा सड

मॅडिसनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘अमेरिकाज डेअरीलँड’ असं लिहिलेलं असतं, गावाबाहेर पडलं की काळ्या-पांढऱ्या गायी दिसतात; पण वसुबारसेला पूजायला गाय काही मिळत नाही. म्हणून आमच्याकडे दरवर्षी मातीची गाय आणि वासरू होतं. यंदा माती मळताना लेकीने विचारलं, “आई, गायीला पोटाखाली किती बोटं असतात?”

“बोटं नाहीत गं, सड. चार.”

‘चार’ म्हणताना मी जरा अडखळले. आमच्या चांदीचे तीनच उरले होते.

चांदी म्हणजे फलटणजवळच्या आमच्या गावातली संकरित गाय. 2004 चा उन्हाळा, मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. एका सकाळी आईने पहिली धार जमिनीवर सोडली आणि ती थबकलीच. दुधात गुठळ्या होत्या. कास तापलेली, एक भाग दगडासारखा कडक. आमच्याकडे याला ‘दगडी’ म्हणतात, पुस्तकात कासदाह. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली. चार-पाच दिवसांनी ताप उतरला, पण तो सड आटला. जूनमध्ये माझी अकरावीची आणि वसतिगृहाची फी भरायची होती. तीन सडांची गाय पडेल त्या किमतीला गेली. व्यापारी तिला नेत होता तेव्हा आई घरात ज्वारी निवडत बसली होती. बाहेर आलीच नाही. पुढे कितीतरी वर्षं एवढंच म्हणायची, “आदल्या रात्री मी घाईने धार काढली. कास पुरती मोकळी केली नाही.”

त्या फीवर मी शिकले. मराठीत एम.ए. केलं, सात वर्षं शाळेत शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. मंडळाची रविवारची मराठी शाळा, तेवढाच माझा वर्ग.

2021 मध्ये लेक झाली. तिसऱ्या आठवड्यात मला हुडहुडी भरून ताप आला, छाती एका बाजूने लाल आणि टणक झाली. व्हिडिओवर आई म्हणाली, “अगं, तुला दगडी झालीय!” आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो. औषधांनी बरं वाटलं, पण त्या बाजूचं दूध माझ्या बाबतीत पहिल्यासारखं आलं नाही. मग मीही आईसारखाच हिशेब मांडत बसले. कुठे चुकले? कधी घाई केली?

यंदा जूनमध्ये आमच्या शाळेच्या मुलांना घेऊन एका फार्मवर डेअरी ब्रेकफास्टला गेलो होतो. तिथल्या मालकीणबाईंनी मुलांना चार वाट्यांचं एक प्लॅस्टिकचं पात्र दाखवलं. चार सडांचं थोडंथोडं दूध चार वाट्यांत घ्यायचं, त्यात जांभळं द्रावण घालायचं आणि हलवायचं. तीन वाट्यांतलं दूध पातळ राहिलं, चौथीतलं जेलीसारखं घट्ट झालं. ही चाचणी 1957 पासून वापरात आहे. मुलं “ई!” म्हणून ओरडली. मी मात्र त्या चौथ्या वाटीकडे बघत राहिले.

आमच्या मंडळातली एक मैत्रीण पशुवैद्यकात संशोधन करते. परतताना गाडीत तिने सांगितलं, की तो घट्टपणा डीएनएचा असतो. संसर्गाशी लढायला दुधात उतरलेल्या पांढऱ्या पेशी त्या द्रावणाने फुटतात आणि त्यांचा डीएनए बाहेर येतो.

“मग सड आटतो कशाने?” मी विचारलं.

तिने सांगितलेलं मी माझ्या भाषेत लिहिते. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींकडे डीएनएचं एकच पाठ्यपुस्तक असतं, पण प्रत्येक पेशी त्यातले सगळे धडे शिकवत नाही. काही धड्यांवर मिथाइल नावाची चिमुकली रासायनिक खूण असते. बोर्डाने वगळलेल्या धड्यासारखंच हे. धडा छापलेला असतो, एक अक्षरही बदललेलं नसतं, पण तो वर्गात होत नाही. या खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. गाय दुधावर असते तेव्हा केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या एका जनुकावरच्या मोक्याच्या जागची खूण निघालेली असते. जर्मनीत डुमरस्टॉर्फच्या शास्त्रज्ञांना 2006 मध्ये असं दिसलं, की ई. कोलाय जंतूंमुळे तीव्र कासदाह झाला की ती खूण परत येते, त्या जागी डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि केसीन बनणं झपाट्याने थांबतं. त्याच वेळी संरक्षणाची जनुकं जोमाने कामाला लागतात. ई. कोलाय एकदम भडका उडवतो, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस गुपचूप महिनोन्‌महिने घर करून राहतो. एकाच जंतूने एक गाय लवकर उठते आणि दुसरी रखडते, त्यामागे अशा खुणांचा किती हात आहे, याचा शोध चालू आहे. गोठ्यात मात्र पहिलं औषध आजही तेच आहे. स्वच्छता ठेवणं, पुरती धार काढणं आणि धारेनंतर सड औषधात बुडवणं.

गायीचं ते सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही तिने बजावलं. तरी त्या रात्री मला हलकं वाटलं. आटणं म्हणजे दर वेळी संपणं नसतं, एवढं कळलं होतं. मी उत्साहाने आईला फोन लावला. तुझ्या घाईने झालं नाही, असं तिला ठामपणे सांगता येईना, कारण पुरती धार न काढणं हेही एक कारण असतंच. पण म्हटलं, “आई, चांदीचं दूध तुझ्यावर रुसून गेलं नव्हतं गं. तिचं अंग आधी लढायला लागलं होतं.”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काही काही गायींचा सड पुढच्या वेताला परत धरतो. तेव्हाही ठाऊक होतं मला. थांबायला हवं होतं.”

तिला दिलासा द्यायला गेले आणि जखमेवरची खपली काढून बसले. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाले, “थांबली असतीस तर माझी फी राहिली असती.”

“हो,” आई म्हणाली. “म्हणूनच नाही थांबले.”

चांदीचं नाव आमच्या दोघींत इतक्या वर्षांनी असं उघडपणे पहिल्यांदाच निघालं. तिच्या शिंगांचा बाक, डरकाळी, चिकाचा खरवस, सगळं आठवून आम्ही तासभर बोललो. माझी फी तिने भरली, हे माझ्या लेकीला सांगायचं राहून गेलं होतं. ते या वसुबारसेला सांगितलं. तिने मातीच्या गायीला चार सड लावले. एक जरा वाकडा झाला, तो तसाच ठेवला.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी शिक्षणामागे अशी एखादी गाय, म्हैस, नाहीतर एखादा दागिना असेल. यंदाच्या दिवाळीत फोन कराल तेव्हा त्याची चौकशी करा. नाव असेल तर नावाने.